कोंडवाड्यातला गुंठा

बिभीषणला आता नेकनूरमधी लोक हॅकर म्हणतेत. टपरीवर तो गेला की सरकून जागा देतेत, आन जागा दिली की आपला मोबाईल खिशात घालतेत. आधी त्याला झेरॉक्सवाला म्हणायचे तवा जागा बी देत नव्हते. म्हंजे इज्जत वाढली म्हणायची. पण ज्याच्यामुळं वाढली ते त्यानं केलंच न्हाई, आन जे केलं त्याचं कुणाला काय पडलं न्हाई. म्हणून मी हे लिहायलोय. मी जीवन. दहावीत शाळा सोडली, पिकअप चालवतो, मेंढरं-बोकडं बाजारात नेतो. लिहिण्यात चुकलं तर चुकलं. माणसात चुकणार न्हाई.

बिभीषण लई साधा, लई गुणाचा असं काय मी म्हणणार न्हाई. फुशारकीला एक नंबर. बीडला कॉम्प्युटर शिकला, पुण्यात नोकरीला लागला आन साहेबाशी भांडून परत आला. भांडण कशावरून झालं ते दर बारीला वेगळं सांगतो. बाप गेलेला. आई दगडाबाई, तिचा मेंढरांचा खांड हाय. दगडाबाईला पोराचं काम काय ते कळत न्हाई, पण पोरगं सावलीत बसून कमावतं एवढ्यावर ती खूष. बिभीषणनं स्टँडसमोर ऑनलाईन सेवेचं दुकान टाकलं. सातबारा काढून दे, विम्याचा अर्ज भरून दे, असलं.

सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमधी असती. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात एकर-गुंठे असतेत. आर आन गुंठा जवळजवळ सारखाच, पण त्या जवळजवळवरच आमच्याकडं बांधाला डोकी फुटतेत. रोज कुणीतरी सातबारा पुढं धरायचं, "ह्याचे गुंठे किती झाले सांग बरं." सांगून सांगून बिभीषण कटाळला आन त्यानं इवलासा कोड लिहिला. इकडून हेक्टर टाकलं की तिकडून एकर-गुंठे निघायचे. नाव ठिवलं 'गुंठा'. मग तो कोड पॅकेज रजिस्ट्रीवर टाकला.

हे रजिस्ट्री काय असतं ते मला बी तवा म्हाईत नव्हतं. त्यानं सांगितलं ते असं. इंटरनेटवर एक उघडं कोठार हाय. जगातल्या कुणीबी आपला कोड तिथं आणून ठिवायचा, त्याला नाव द्यायचं. ज्याला लागला त्यानं फुकट उचलायचा, आपल्या ॲपमधी जोडायचा. ठिवणाऱ्यानं त्यात काय नवं केलं की जोडणाऱ्याकडं बी आपोआप नवं होतं.

"म्हंजे रस्त्याकडंचा रांजण," मी म्हणलं. "भरणारा एक, पिणारं गाव."

"रांजणच. फक्त पिणारे रांजण घरी घिऊन जातेत, आन तरीबी पाणी मीच भरायचं."

पिणारे लई निघाले. विमावाले, कर्जवाले, प्लॉटिंगवाले. बिभीषणला हे कळलं तवा तो आठ दिस जमिनीवर नव्हता. कपिलधारला जाऊन नारळ फोडला, येताना बसमधी कंडक्टरला बी सांगितलं. टपरीवर गहिनीनाथआबा बसलेले. आबा आमचे पुढारी. दोनदा पडलेत, त्यामुळं त्यांला माजी म्हणावं का भावी, याचा आधी इचार करून मग नमस्कार घालावा लागतो.

"बिभीषण, तुपला तो गुंठा म्हणं मोठमोठ्या कंपन्या वापरतेत."

"वापरतेत ना आबा."

"काय देतेत मग?"

"काय न्हाई."

"काहीच न्हाई?"

"शिव्या देतेत कवाकवा."

आबांनी चहा संपवला. "मग त्याला तुपला कसा काय म्हणायचा बे," म्हणले आन उठून गेले. बिभीषणला ते लई लागलं. घरापतुर तेच बोलत व्हता.

शिव्याचं खोटं नव्हतं. त्या गुंठ्याच्या पानावर लोक तक्रारी लिहायचे. कुठला कोण परदेशातला लिहायचा, आमचं काम अडलंय, आजच्या आज नीट करा. एकानं लिहिलं, तुमी बेजबाबदार हायेत. मी म्हणलं, "दे, मी जवाब लिहितो." बिभीषण म्हणला, "तू नको. तुपले जवाब ठाण्यात वाचून दाखवावे लागतेत." इकडं विम्याचा हंगाम, दुकानात पाय ठिवायला जागा न्हाई. आन हा रातच्याला घरी बसून फुकाट्यांच्या तक्रारी निस्तरायचा.

तशात एक जण आला. नाव परदेशी, फोटोच्या जागी मांजर. त्यानं लिहिलं, तुमी दमलेले दिसता, मी मदत करतो, मला किल्ली द्या. आधी दोन-चार दुरुस्त्या बी करून धाडल्या त्यानं, एकदम चोख. बिभीषण खूष.

आता इथं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण ही चूक आमच्याशिवाय दुसरं कुणी करणार न्हाई.

आमच्याकडं चारा सरला की मेंढरं दुसऱ्या खांडात राखोळीला देतेत. राखोळीवाला ती घिऊन लांब मुलखात जातो, चारतो, राखतो, पाऊसकाळाला परत आणतो. अर्धी कोकरं त्याची, अर्धी आपली. मेंढराच्या कानाला काप असतो, ज्याचा त्याचा वेगळा. पण एक रीत हाय. वाटंत कुणी अडवलं, मेंढरं कुणाची इचारलं, तर राखोळीवाल्यानं सरळ 'मपली' म्हणायचं. राखायला आणली म्हणला की लोक चोर समजतेत, खांड अडकवून ठिवतेत. म्हणून तोंडानं मालक तो, आन कानानं मालक आपण. यात कुणाला काय वावगं वाटत न्हाई.

रजिस्ट्रीत दुसऱ्याला आत घ्यायला दोन खाने व्हते. एक देखभाल करणारा, एक मालक. बिभीषणनं मांजरवाल्याला मालक केलं. मी शेजारीच बसलेलो.

"मालक कावून केलास बे?"

"त्याला कुणी अडवाया नको. अडलं की दर बारीला मला इचारीत बसंल."

त्याच्या डोक्यात राखोळी. पण त्या कोठारात कानाला काप नसतो. तिथं जो मालक तो मालक, आन एक मालक दुसऱ्याला काढू बी शकतो.

सहा-सात महिने मांजरवाल्यानं झकास राखलं. तक्रारी बंद. बिभीषण निवांत झोपायला लागला, पोट सुटलं. टपरीवर सांगायचा, "एक परदेशी माणूस ठिवलाय कामाला."

मग एक दिस दुकानात फोन आला. पुण्याहून, एका विम्याच्या कंपनीतली बाई. उज्ज्वला नाव सांगितलं. यानं गुंठ्याच्या पानावर स्वतःचा नंबर दिलेला, मोठेपणा. फोन स्पीकरवर टाकला, मला ऐकवायला. वाटलं, आता बाई कौतुक करणार.

"गुंठा तुमचंच पॅकेज ना?"

"व्हय, मपलंच. बोला."

"त्याच्या नव्या आवृत्तीत असं काहीतरी टाकलंय, की आमच्या ॲपमध्ये शेतकरी अर्ज भरतो तेव्हा त्याचं नाव, नंबर, सगळं गुपचूप तिसरीकडेच जातंय. हे तुम्ही केलंय का?"

बिभीषणनं फोन स्पीकरवरून काढला. पान उघडलं तर मालकात एकच नाव, मांजराचं. याचं नाव काढून टाकलेलं. त्याच सांच्याला रजिस्ट्रीवाल्यांनी गुंठ्याला टाळं लावलं. कुणी घ्यायचा न्हाई, कुणी बदलायचा न्हाई. मांजरवाला पसार.

आन टाळं लागल्यावर काय झालं, तर आमच्याच दुकानातले अर्ज अडले. त्या विम्याच्या ॲपमधी क्षेत्राचा खाना कोरा यायला लागला. शेवटची तारीख तोंडावर. रांग पार रसवंतीपतुर. रांगेत पुढं गहिनीनाथआबा.

"तुपल्याच गुंठ्यानं अडलंय म्हणं."

"आबा, तुमीच म्हणला व्हता, मपला कसा म्हणायचा."

"तवा काय कुणाचं अडलं व्हतं."

दोन दिसानं रजिस्ट्रीवाल्यांचा मेल आला. बिभीषणनं मला मराठीत सांगितला. आताचा मालक जवाब दीत न्हाई. जुने मालक तुमी. हे पॅकेज आपलं म्हणून झाल्या प्रकाराची जिम्मेदारी घ्यायला तयार असलात तर तसं लिहा, आमी खात्री करून ताबा देऊ, तुमी साफ करा. तयार नसलात तर आमी कायमचं काढून टाकू.

उज्ज्वलाबाईचा बी परत फोन आला. "आमचे वकील विचारतायत, जबाबदार कोण म्हणून लिहायचं? पोलिसात तक्रार जाणार आहे."

मी म्हणलं, "बिभीषण, सोपं हाय. न्हाई म्हण. कागदावर तू मालकच न्हाईस. त्या मांजरानं केलं, मांजराला धरा. मपलं म्हणलास तर सायबरवाले तुलाच उचलतेल. परदेशात मांजर धराया कोण जातंय? तू स्टँडसमोरच बसलेला सापडतूस."

मेल उघडा, कर्सर लुकलुकायला. मी हात पुढं केला, 'न्हाई' लिहाया. त्यानं हात झटकला.

"घरी चल. आईला पेंढ्या न्यायच्यात कोंडवाड्यात," म्हणला.

कोंडवाड्याचं सांगतो. गहिनीनाथआबांचा एक खोंड व्हता, लाल कंधारी. त्याच्या शिंगांला रंग लावून, गळ्यात माळ घालून आबा व्हिडिओ काढायचे. 'आमचा राजा' म्हणून. तो राजा सुटला आन विमलबाईचा अख्खा हरभरा खाऊन बसला. विमलबाई एकटी बाई, पण आवाज ग्रामपंचायतीपतुर जातो. तिनं पोरं घिऊन खोंड कोंडवाड्यात घातला. आमच्याकडं रीत सरळ हाय, जनावर सोडवायला जो येतो तो मालक, आन नुकसानीचं त्यानं बघायचं. आबा आलेच न्हाईत. कुणीतरी फोन लावला तर म्हणले, "मपला तो काळा. ह्यो कुणाचा कुणास ठाऊक. भटका असंल." राजा हप्ताभर तिथंच उभा. शिंगाचा रंग तसाच, गळ्यात सुकलेली माळ तशीच. दगडाबाईला दया आली म्हणून ती कडब्याच्या पेंढ्या टाकायची.

आमी पेंढ्या घिऊन गेलो तवा दगडाबाई तिथंच कोंडवाड्याच्या भिताडाला बसलेली. बिभीषणनं तिला सगळं सांगितलं, मांजरवाल्यापासून. तिला कोठार कळलं न्हाई, कोड कळला न्हाई. राखोळी बराबर कळली.

"त्यो जेवला व्हता का आपल्या घरी?" तिनं इचारलं.

"आई, त्यो परदेशात ऱ्हातो."

"मग राखोळीला कसं दिलंस? जेवल्याबिगर मी कुणाच्या हातात मेंढराची दोरी बी देत न्हाई. ताटावर बसला की माणूस कळतो. घाई करणारा कळतो, टाकून देणारा कळतो."

"चुकलं आता."

"मग?"

मी मधी पडलो. "मावशे, मी म्हणायलोय न्हाई म्हणून मोकळा व्हावा. कागदावर मालक दुसराच हाय. लोकांच्या नावानं हा कावून तुरुंगात जाईल?"

दगडाबाईनं खोंडाकडं हात केला. "जीवन्या, ह्याचा मालक कोण हाय?"

"आबा."

"कोण म्हणतं?"

"समदं गाव म्हणतं."

"आन आबा?"

मी पेंढीचा बंद सोडाया लागलो.

"मिरवाया व्हतं तवर मपलं, आन कोंडवाड्यात गेलं की भटकं," दगडाबाई म्हणली. "तू बी तसंच म्हण, बिभीषणा. आबाच्या शेजारी बसशील टपरीवर. जागा बी देतेल ते."

बिभीषणनं पेंढी आत टाकली. मग तिथंच भिताडाला टेकून मोबाईलवर लिहायला लागला. मी वाकून बघितलं. मला इंग्रजी कळत न्हाई, पण तो तोंडानं पुटपुटत व्हता. गुंठा मपला हाय. किल्ली मी दिली, न बघता दिली. ज्यांची नावं-नंबर गेले त्यांची माफी मी मागतो. साफ मी करतो.

मी म्हणलं, "येडा झालास बे तू." आन मग पोलिसात जायच्या दिवशी पिकअप माझीच लागंल म्हणून डिझेल भरून ठिवलं.

खात्री करायला रजिस्ट्रीवाल्यांनी लई वळसे घ्यायला लावले. पार पहिल्या दिवसाचा कोड, कुठून टाकला, कधी टाकला. गंमत बघा. साऱ्या जगात त्याला शिव्या घालायला बसलेल्या कुणालाच खात्रीची गरज लागली न्हाई. एकानं लिहिलं, 'हा चोर हाय', दुसऱ्यानं लिहिलं, 'हा चोराचा साथीदार.' मालक म्हणून समदे त्याला ओळखत व्हते, फक्त साफ करायला बसला की कोण तुमी, इचारायचे.

शेवटाला ताबा मिळाला. त्यानं मांजरवाल्याची घाण काढली, नवी आवृत्ती टाकली, आन जे जे वापरतेत त्यांला एकेकाला लिहून कळवलं. दुकानातले अर्ज परत सुरू झाले. आबांचा अर्ज पहिला गेला. 'व्यवस्था सुधारली पाहिजे' म्हणले जाताना.

बीडला सायबरवाल्यांनी बोलावलं, मी पिकअपनं नेलं. साहेब भला माणूस निघाला. दिवसभर बसवलं, समदं लिहून घेतलं. शेवटी म्हणला, "मालक म्हणून तुमचं नाव कागदावर नव्हतंच. तुमी आपणहून जिम्मेदारी कावून घेतलीत?" बिभीषण म्हणला, "मपलं व्हतं साहेब." साहेबानं आमाला चहा पाजला आन शिपायाला म्हणला, असले रोज आले तर आपली नोकरी जाईल. बिभीषण सुटला. पण गावात खबर एवढीच गेली, की बिभीषणला सायबरनं नेलं व्हतं. त्याची ही हॅकरकी.

राजाचं काय झालं ते बी सांगतो. कुणी मालक निघाला न्हाई म्हणून ग्रामपंचायतीनं लिलाव केला. आबांच्या पाव्हण्यानं बोली लावली. आता राजा परत आबांच्या दारात बांधलेला हाय, रीतसर पावतीसकट. हरभऱ्याचं विमलबाईनं इचारलं तर म्हणले, "तवा तो कुठं मपला व्हता?" नवा व्हिडिओ बी काढला.

आन कंपनी. एक दिस उज्ज्वलाबाईच्या वकिलांचा करार आला. बिभीषणनं वाचून दाखवला. गुंठ्याची मालकी कंपनीची. काय बिघडलं तर जिम्मेदारी मूळ लेखकाची, म्हंजे याची. मी म्हणलं, "हा करार आबांनी लिहिलाय का काय?"

बिभीषणनं बाईला फोन लावला.

"ताई, मालकी पायजे तर आमच्या घरी जेवायला यावं लागतं."

"म्हणजे?"

"रीत हाय आमची."

"कंपनीच्या प्रक्रियेत असं काही नाही हो," ती हसली. करार गेला पाण्यात. कंपनीनं गुंठ्याची नक्कल केली, नाव बदललं, आपल्याकडं ठिवली. परवानगी हाय तशी, कुणीबी करू शकतं. थोड्या दिसानं नक्कल अडकली, तर फोन कुणाला? बिभीषणलाच. "ते आता आमचं आहे, पण तेवढं जरा बघता का?" यानं बघून दिलं. मी दोन दिस त्याच्याशी बोललो न्हाई.

पण मग एका रविवारी दुकानासमोर एक बाई बसमधून उतरली. साधी, खांद्याला पिशवी. म्हणली, "मी उज्ज्वला. कपिलधारला आले होते. कंपनीकडून नाही, माझी मी आलेय. जेवायला."

दगडाबाईनं बाजरीच्या भाकरी केल्या, पाटवडीचं कालवण केलं. उज्ज्वलाबाईला तिखट झेपेना, नाक पुसत पुसत खाल्लं, पण ताटात काय टाकलं न्हाई. दगडाबाई तिच्या ताटाकडं बघत व्हती. जेवण झाल्यावर बाईनं लॅपटॉप काढला. म्हणली, कंपनीनं मला सांगितलेलं नाही, पण आमचे एवढे शेतकरी याच्यावर अवलंबून आहेत, तक्रारींतला निम्मा भार मी उचलते, रविवारी-रविवारी. बिभीषण तिला सांगायला लागला, कुठं काय हाय. दोघं लई येळ तेच बोलत बसले. मला त्यातलं काय कळलं न्हाई, पण पहिल्यांदाच मी त्याला फुशारकी न मारता बोलताना बघितलं.

मग त्यानं रजिस्ट्रीचं पान उघडलं, तिचं नाव टाकलं, आन देखभालीच्या खान्यात खूण केली.

ती वाकून बघत व्हती. "मालक नाही का?" गमतीनं म्हणली.

बिभीषणनं आईकडं बघितलं. दगडाबाई ताटं गोळा करायली व्हती.

"एकदाच तर जेवलीस बाई आजून," ती म्हणली.